रफ वही : लॅपटॉप एकीचा, प्रोजेक्ट चौघांचा

उपयोजित कला आणि ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्यांच्या, शिकवणाऱ्यांच्या आणि त्यांची फी भरणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर

प्रश्न : सर, नमस्कार. मी पुण्यात अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात ग्रुप प्रोजेक्टला विषय आहे, स्वारगेट एस.टी. स्थानकाच्या सगळ्या पाट्या नव्यानं डिझाइन करणं. चिठ्ठ्या टाकून ग्रुप पाडले. माझ्या ग्रुपमधला एक मुलगा काम काही करत नाही, पण ज्युरीसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, असा बोलतो की सगळं त्यानंच केलंय असं वाटावं. एक मैत्रीण इंटर्नशिपला जाते, ‘रात्री बघते’ म्हणते आणि बघत नाही. तिसरा शिरवळहून रोज एस.टी.नं येतो. त्याच्याकडे लॅपटॉप नाही आणि पाच वाजले की तो गाडी पकडायला पळतो. बावीस पाट्यांचे लेआउट, पिक्टोग्राम (खुणेची चित्रं), रंग, प्रेझेंटेशन सगळं मी केलंय. स्थानकाचे फोटोसुद्धा मीच नेटवरून शोधले. पहिल्या ज्युरीत सर म्हणाले, ‘देवनागरी कच्ची आहे, आणि हे स्वारगेट वाटत नाही, विमानतळ वाटतो.’ आणि मार्क चौघांना सारखे! फायनल सबमिशनला तीन आठवडे आहेत. सरांकडे तक्रार करू का? की तिघांची नावंच शीटवरून काढून टाकू?
— तृतीय वर्ष, पुणे

उत्तर : नावं काढू नकोस. तक्रारीचं शेवटी बघू. आधी मला सांग, पाट्या स्वारगेटच्या आणि फोटो नेटवरून? कॉलेज पुण्यात, स्थानक पुण्यात, आणि तुम्हा चौघांपैकी जो एकटा रोज सकाळ-संध्याकाळ एस.टी.च्या फलाटावर उभा असतो, त्याला तू ‘लॅपटॉप नाही’ म्हणून मोडीत काढलंस. अगं, तुझ्या ग्रुपमधला सगळ्यात मोलाचा माणूस तो आहे. कुठली पाटी खांबाआड जाते, पावसात लोक कुठल्या कोपऱ्यात गोळा होतात, साताऱ्याची गाडी कुठे लागायला हवी आणि कुठे लागते, शेवटची गाडी शोधताना नजर आधी कुठे जाते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तुम्ही विचारलंय का पण? तुमच्या सरांना जो विमानतळ दिसला, तो याला न विचारल्यामुळे दिसला.

त्याला एवढंच विचार, की पाटीवर नुसतं ‘खंडाळा’ लिहिलं तर कुणाला काय वाटेल? पुण्यातली पोरं म्हणतील लोणावळ्याशेजारचा. शिरवळचा माणूस म्हणेल आमचा, साताऱ्याच्या वाटेवरचा, तालुक्याचा खंडाळा. स्वारगेटवरून सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या बाजूच्या गाड्या सुटतात, तेव्हा जाणत्या माणसाला काही सांगावं लागत नाही. पण नवख्याचं काय? ‘खंडाळा (सातारा)’ लिहायचं, की ‘शिरवळमार्गे’ पुरतं? हा डिझाइनचाच निर्णय आहे आणि तो घ्यायला लॅपटॉप लागत नाही.

‘सगळं मी केलं’ हे खरंच असणार, तुझ्या जागरणांबद्दल मला शंका नाही. पण तू दिलेली यादी बघ. लेआउट, पिक्टोग्राम, रंग, प्रेझेंटेशन. सगळी खुर्चीत बसून करायची कामं. उरलेलं निम्मं काम कुणीच केलेलं नाही. त्या तिघांनी नाही आणि तूही नाही.

ग्रुप पडला की पोरं पाट्या वाटून घेतात. सहा तू कर, सहा मी करतो. मग त्या पाट्यांचे चार स्वभाव होतात आणि शेवटी कुणातरी एकीला रात्रभर बसून सगळ्या सारख्या कराव्या लागतात. तुमच्यात ती एक तू. म्हणून पाट्या वाटू नका, निर्णय वाटा. अक्षर कुठलं आणि किती मोठं, हे एकानं ठरवायचं. कुठली पाटी कुठे लागणार आणि तिच्यावर नेमके काय शब्द येणार, हे दुसऱ्यानं. लोकांकडून माहिती आणणं आणि त्यावरून पिक्टोग्राम ठरवणं तिसऱ्याकडे. साहित्य, मापं, खर्च आणि एक नमुना प्रत्यक्ष बनवून घेणं चौथ्याकडे. बाकीच्यांनी वाद घालावा, जरूर घालावा, पण ज्याचा निर्णय त्याचा शब्द शेवटचा, आणि ज्युरीत त्याबद्दल तोंडही त्यानंच उघडायचं. मग बोलक्या मुलाला तुझ्या अक्षरांवर भाषण ठोकायची सोयच राहत नाही.

जाहिरात एजन्सीत काम असंच चालायचं. कॉपीरायटर, व्हिज्युअलायझर, फिनिशिंग आर्टिस्ट, प्रॉडक्शनचा माणूस, ज्याचं त्याचं खातं ठरलेलं. ब्रोमाइड, म्हणजे फोटोकागदावर काढलेला मजकूर, कापून रबर सोल्यूशननं चिकटवायचे दिवस होते ते. देवनागरी मजकुरातला एखादा अनुस्वार सुटून टेबलाखाली पडायचा. तो हुडकून चिमट्यानं जागेवर बसवणारा फिनिशिंग आर्टिस्ट बक्षिसाच्या फोटोत कधी नसायचा, पण त्याच्या सहीशिवाय आर्टवर्क बाहेर पडत नसे. जाऊ दे, विषय तुझा आहे.

बोलक्या मुलाला चौकशीच्या खिडकीशेजारी उभा कर. आधी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेऊन स्थानकप्रमुखांना भेटा, फोटोंची परवानगी त्याच पत्रात मागा, आणि वाहतूक नियंत्रकांशी ओळख काढायचं काम या पठ्ठ्याला द्या. तो ते हसतहसत करेल. सकाळी तासभर आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी तासभर त्यानं तिथं थांबायचं आणि लोक जे विचारतात ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं. ‘गारगोटी कुठं लागते?’ ‘ही विनाथांबा आहे का?’ ‘बाळाला पाजायला कुठं जागा आहे?’ सभ्य भाषेत बदलून लिहायचं नाही. ज्या प्रश्नाची वहीत सगळ्यात जास्त वेळा नोंद होईल, ती तुमची पहिली पाटी. आणि उत्तर पाटीवर असूनही लोक जे विचारत राहतात, ती पाटी आधी उतरवायची. तो तिसरा प्रश्नच बघ. हिरकणी कक्ष असतो, त्यावर नावही असतं. पण बाहेरगावच्या बाईला ‘हिरकणी’ म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं नाही. तिथं नावासोबत चित्र हवं, आणि ते चित्र नेटवर आयतं मिळणार नाही, काढावंच लागेल.

आपल्याकडे माणूस पाटी वाचतो आणि तरी शेजारच्याला विचारून खात्री करून घेतो. त्याला अडाणीपणा समजू नकोस. गाडी आयत्या वेळी फलाट बदलते हे तो अनुभवानं शिकलेला असतो. तेव्हा रोज बदलणारी माहिती आणि न बदलणारी माहिती एकाच प्रकारच्या पाटीवर घातलीस तर लोक दोन्हींवरचा विश्वास सोडतील.

पिक्टोग्रामचं म्हणशील तर विमानतळाचा उगम मला तिथंच दिसतो. नेटवर फुकट मिळणारी बरीचशी चिन्हं एका कुळातली आहेत. एआयजीए ही अमेरिकेतली ग्राफिक डिझायनरांची संस्था. तिनं तिथल्या परिवहन खात्यासाठी १९७४ साली ३४ चिन्हांचा संच केला, १९७९पर्यंत तो ५० चिन्हांचा झाला आणि तो कुणालाही वापरायला खुला आहे. काम नमुनेदार आहे, समोर ठेवून अभ्यास कर. पण त्यातलं सामान म्हणजे मुठीची सुटकेस. स्वारगेटला सामान म्हणजे पोतं, तेलाचा डबा, दोरीनं बांधलेलं खोकं आणि कडेवर पोर. ते शिरवळच्या मुलाकडून काढून घे. तो रोज बघतो. चित्र वेडंवाकडं आलं तर तू नीट कर, पण पहिली रेघ त्याची असू दे.

इंटर्नशिपवाल्या मैत्रिणीला रात्री करायचं काम देऊच नका. ती जिथं जाते तिथं छपाईवाले, फ्लेक्सवाले, बोर्डवाले येत-जात असणार. तिच्याकडून एवढंच घ्या. एसीपी शीटवर (अ‍ॅल्युमिनियमच्या थराचा बोर्ड) व्हिनाइल कापून लावलं तर काय पडेल, पेंटरकडून ऑइलपेंटनं लिहून घेतलं तर काय पडेल, आणि ऊनपाऊस खाऊन कुठलं किती टिकेल. दुपारच्या सुट्टीत दोन फोन केले की होतं. तेही जमणार नसेल तर तिनं आजच तसं सांगावं. ‘नाही जमत’ ऐकून राग येतो, पण पुढचं आखता येतं. ‘बघते’चं काय आखायचं?

आता देवनागरी. ही तू स्वतःकडे ठेव. सरांना कच्ची वाटली तरी बावीस लेआउट करून हात तुझाच बसलेला असणार.

तुमच्या यादीत ‘भोर’ असणारच. ती पाटी खऱ्या मापात प्रिंट काढ. फ्लेक्सवर पैसे घालवू नकोस, ए-फोर कागद जोडून चिकटव, काळी-पांढरी चालेल. कॉलेजच्या लांब व्हरांड्यात फलाटावरच्या उंचीला लाव आणि पाटीकडे बघत मागे मागे जा. चष्मा असेल तर उतरव. एका जागी ‘भ’च्या डोक्यावरची फट बुजते आणि भोरची गाडी ‘मोर’ला निघते. तसाच ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘थ’चा ‘य’. ‘ख’चे दोन भाग सैल पडले असतील तर खंडाळ्याचा ‘रवंडाळा’. जिथं हे घडेल तिथं फरशीवर खडूनं रेघ मार आणि अंतर मोज. स्वारगेटला लोक त्याहून लांबून वाचणार असतील तर अक्षर मोठं कर, नाहीतर जिथं ही फट ऐसपैस ठेवलेली आहे असं अक्षर निवड. पोरं यावर काय करतात मला माहीत आहे. दिसत नाही ना, करा बोल्ड. बोल्ड केलं की फट आणखी बुजते.

दुसरं, ‘कुर्डुवाडी’ लिहून बघ. वर रफार आणि वेलांटी, खाली दोन-दोन उकार. त्याखाली तेच नाव इंग्रजीत. तू बहुतेक दोन्ही ओळींना एकच पॉइंट साइझ दिला असशील, म्हणून मराठी बारकी दिसते आणि इंग्रजी ओरडते. आकड्याकडे बघू नकोस. शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतची पट्टी इंग्रजीच्या शेजारी ठेवून डोळ्यानं जुळव, आणि मग वरच्या-खालच्या मात्रांना श्वास घेता येईल इतकं अंतर दोन ओळींत सोड. पाटीची उंची वाढेल. वाढू दे. एस.टी. स्थानकात मराठी आधी वाचली जाते.

मार्कांचं राहिलं. सरांकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, एक कागद घेऊन जा. चार नावं, प्रत्येक नावापुढे त्याचा निर्णय, खाली चौघांच्या सह्या. हा कागद याच आठवड्यात द्यायचा, सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी नाही. शिवाय प्रत्येक रफच्या कोपऱ्यात काढणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख टाका आणि रफची फाईल फायनलबरोबर टेबलावर ठेवा. ज्युरी घेणारे आम्ही लोक चकचकीत शीटपेक्षा रफ जास्त चाळतो. कुणाचा रकाना रिकामा असला तर तो तुझ्या सांगण्याशिवाय दिसतो. त्यानंतरही कुणी फिरकलंच नाही, तर आधी त्याच्या तोंडावर बोल, मग त्याच्यासमोर सरांशी. पाठीमागून नको, वर्गात अजून दीड वर्ष काढायचंय.

पुढे पोर्टफोलिओत हे काम लावशील तेव्हा ‘चौघांचा प्रोजेक्ट, अक्षरयोजना माझी’ असं लिही. बावीस पाट्यांची स्थानकयोजना तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीनं एकटीनं केली यावर मुलाखत घेणारा विश्वास ठेवत नाही. अक्षरयोजना केली म्हटलीस तर तो भोरच्या पाटीबद्दल विचारेल आणि तुझ्याकडे सांगायला असेल.

प्रश्न : आम्ही तिघी कोल्हापूरच्या. शेवटच्या वर्षाला गुळाचं पॅकेजिंग करतोय. माझ्या मशीनवर नीट दिसणारी फाईल मैत्रिणीकडे उघडली की ‘कोल्हापूर’मधला ‘ल’ पाय मोडून पडतो आणि ‘ह’ बाजूला उभा राहतो. ‘गुऱ्हाळ’चं ‘गुर्हाळ’ होतं. मॅडम म्हणतात तुमचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी आहेत. प्रेसवाले काका म्हणतात श्रीलिपीत टाईप करून आणा. कुणाचं ऐकायचं?
— चतुर्थ वर्ष, कोल्हापूर

उत्तर : मॅडम आणि काका, दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. तुम्ही चार वेगळ्या अडचणी एकत्र कालवल्या आहेत.

पाय मोडलेला ‘ल’ हा फॉन्टचा दोष नव्हे. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाईपमध्ये जाऊन इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि पॅरेग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून साउथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये हाच वर्ल्ड-रेडी कंपोझर म्हणून सापडेल. हे तिघींच्या मशीनवर झालं पाहिजे. एकीच्याच मशीनवर केलं तर घोळ तसाच राहील.

‘गुऱ्हाळ’ची गोष्ट टायपिंगची. साधा ‘र’ मोडून पुढे ‘ह’ दिला की रफार होणार, संगणकाचं काही चुकत नाही. तिथं खाली टिंब असलेला ‘ऱ’ लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. गुळाच्या खोक्यावर गुऱ्हाळच चुकीचं छापलं तर कोल्हापुरात फिरायला नको.

‘ल’ आणि ‘श’बद्दल मॅडमना माझा पाठिंबा. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या अक्षरांनी, मराठी वाचकाच्या डोळ्याला जे वळण लावलं, त्यातला ‘ल’ आणि उत्तरेकडच्या फॉन्टमधला ‘ल’ वेगळा आहे. चांगल्या फॉन्टमध्ये बहुधा दोन्ही वळणं ठेवलेली असतात. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा हिंदीऐवजी मराठी निवडा आणि काय बदलतं ते बघा. काहीच बदललं नाही तर ग्लिफ्स पॅनेल (फॉन्टमधल्या सगळ्या अक्षरांचा तक्ता) उघडून शोधा. तिथंही नसेल तर फॉन्ट बदला. मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ फुकट आहेत आणि कायदेशीरही. अर्थात पॅकवरचं मोठं नाव फॉन्टमधून उचलूच नका, हातानं काढा. ‘गूळ’ ही दोनच अक्षरं आहेत. दीर्घ ऊकाराची शेपटी आणि ‘ळ’च्या दोन वाट्या एवढ्यावर अख्खा पॅक उभा राहू शकतो. र. कृ. जोशी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अक्षर शिकवायचे. विंडोजवरचा ‘मंगल’ त्यांच्या हातचा. पण त्यांची ब्रशची अक्षरं बघितलीत तर संगणकातलं अक्षरही आधी हातातून आलेलं असतं हे कळेल.

प्रेसवाल्या काकांची अडचण श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरची. त्यांच्याकडचं अक्षर जुन्या पद्धतीचं आणि तुमचं युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीचं. एकाचा मजकूर दुसऱ्यात चिकटवला की भुताची लिपी होते. पुन्हा टाईप करत बसू नका, त्यात नव्या चुका शिरतात. मजकूर आउटलाइन करून, म्हणजे अक्षरं फोडून त्यांचे आकार करून, पीडीएफ द्या आणि आउटलाइन केल्यावर तिघींपैकी जिनं टाईप केलं नाही तिनं मोठ्यानं वाचून तपासा. न फोडलेली मूळ फाईल वेगळ्या नावानं ठेवा. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, विसरू नका. फोटो ३०० डीपीआयचे आणि रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत. गुळाचा तांबूस रंग स्क्रीनवर सोन्यासारखा दिसतो आणि छापून आला की चिखल होतो. एक प्रूफ काढल्याशिवाय हो म्हणू नका.

आणि मागची बाजू! विद्यार्थ्यांच्या पॅकेजिंगची मागची बाजू बहुतेक वेळा कोरी असते, नाहीतर तिथं एखादी कविता. निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याचा महिना आणि वर्ष, उत्पादकाचा पत्ता, एफएसएसएआय परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, हे सगळं बसवून जो पॅक देखणा राहतो त्याला मी मार्क देतो.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधल्या एकानं पोस्टरचं मुख्य चित्र एआयकडून करून आणलंय आणि म्हणतो की कुणाला कळणार नाही. बाकीच्यांना भीती वाटतेय. काय करू?
— द्वितीय वर्ष, नाशिक

उत्तर : कळतं. चित्रातल्या दुकानाच्या पाटीवर देवनागरी असेल तर झूम करून वाच, शिरोरेघेला लोंबकळणारी कुठलीच नसलेली अक्षरं सापडू शकतात. पण पकडले जाण्याची भीती हा मुद्दा नाही. कॉलेजचा नियम काय आहे तो सरांना उघडपणे विचारा. परवानगी असेल तर शीटवर स्पष्ट लिहा. नसेल तर ते चित्र बाजूला ठेवा आणि ज्यानं आणलंय त्यालाच सांगा की यातली मांडणी आवडली असेल तर पेन्सिलनं काढून दाखव. त्याला काढता आलं तर तुमचं चित्र तयार होईल. नाही आलं तर ते चित्र त्याचं नव्हतंच हे त्याला तुम्ही न सांगता समजेल.

प्रश्न : माझी मुलगी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ‘ए’ ग्रेड मिळवून, सीईटी देऊन मुंबईत या कोर्सला गेली. पहिलं वर्ष आहे. आम्ही परभणीचे, कापडाचं दुकान आहे. फोन केला की कळतं, मुलगी पहाटे मैत्रिणींबरोबर दादरच्या फूलबाजारात बसून चित्रं काढतेय. घरी आली की रंगांचे चौकोन भरत बसते. काम तर पुढे कॉम्प्युटरवरच करायचं ना? आता ती दीड लाखाचा लॅपटॉप मागते. घेऊ का? आणि हा कोर्स नवीन निघालेला दिसतो, याला भविष्य आहे का?
— एक वडील, परभणी

उत्तर : नमस्कार. कोर्स नवीन नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ साली सुरू झाला. पुढे त्याचीच उपयोजित कलेची वेगळी संस्था झाली. तेव्हा हा अभ्यास तुमच्या-माझ्याहून म्हातारा आहे.

रंगांच्या चौकोनांचं तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर पटेल. गिऱ्हाईक ब्लाउजपीस घेऊन येतं आणि ‘याला मॅचिंग’ म्हणतं, तेव्हा एकाच हिरव्याच्या पंधरा ठाणांमधून तुम्ही नेमकं ठाण ओढता. दुकानातल्या नव्या पोऱ्याला ते वर्षभर जमत नाही. तुमची मुलगी पोस्टर कलरच्या बाटल्यांतून तेच शिकतेय. पिवळ्यात किती निळा घातला की पोपटी होतो आणि किती घातला की हिरवा मरतो, हे स्क्रीनवर बोट फिरवून कळत नाही, कारण तिथं रंग संपत नाही आणि वायाही जात नाही. फूलबाजारातलं स्केचिंगही अभ्यासच आहे. हलणारी माणसं, वाकून पाटी उचलणारा हमाल, ओझ्यानं झुकलेली मान, हे पाच-दहा सेकंदांत कागदावर उतरवायचं असतं. ग्रुपनं जातात ते बरंच, पहाटेची सोबत होते. एकमेकींचे कागद बघून हातही लवकर सुटतो.

लॅपटॉप या वर्षी घेऊ नका. पहिलं वर्ष पायाभूत, बहुतेक सगळं हातानं. दुसऱ्या वर्षी विषय बघून, तिच्या शिक्षकांना विचारून घ्या. तोवर मशीनही बदललेली असतील. मुलगी फुरंगटेल, तिच्या मैत्रिणींकडे आहे म्हणेल. मैत्रिणींपैकी कितीजणी त्यावर सिनेमे बघतात ते तिला विचारा, पण हसून विचारा. कागद, रंग, ब्रश यांचा खर्च मात्र तोडू नका. हाताशी कागद कमी असला की पोरं जपून काढायला लागतात आणि हात आखडतो. मोठे कार्टरिज कागद, बोर्ड, डिंक चार-पाचजणींनी मिळून घाऊक घेतले तर बरेच स्वस्त पडतात. घाऊक खरेदी कशी करायची हे तुम्हीच तिला शिकवू शकता.

आत्ता काही घेऊन द्यायचंच असेल तर रबरी तळव्याच्या मजबूत चपला घेऊन द्या. पावसाळ्यात फूलबाजारात पायाखाली पाकळ्यांचा चिखल असतो, आणि पॅड दोन्ही हातांत धरलेलं असलं की तोल सावरायला हात मोकळा राहत नाही.